घट्ट बसलेल्या खुंट्या

व्यापारी घराची एक जुनी रीत अशी, की दुरुस्त होण्याजोगी वस्तू त्या घरातून सहसा बाहेर जात नाही. तिजोरीचे कुलूप, शिलाई यंत्र, भिंतीवरचे चावीचे घड्याळ यांना वर्षातून एकदा तेलाचा थेंब मिळतो आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. या रीतीतून वगळल्या जातात त्या वस्तू, ज्यांचा ना दुकानाशी संबंध असतो, ना स्वयंपाकघराशी. वऱ्हाडातील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, जुन्या चोपड्यांच्या गाठोड्यांमागे, कापडी खोळीतली हवाईयन गिटार निघते ती अशीच. लाकूड शाबूत असते, तारा गंजलेल्या असतात. पण सर्वांत आधी हाताला जाणवते ते हे, की तिच्या खुंट्या फिरत नाहीत. खुंट्या फिरत नाहीत म्हणजे तारा सुरात येत नाहीत, आणि सुरात न येणारे वाद्य म्हणजे घराच्या दृष्टीने निव्वळ लाकूड.

ही गिटार मांडीवर किंवा मेजावर आडवी ठेवून वाजवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. त्या पोलादामुळेच तिला ‘स्टील गिटार’ म्हणतात. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली आणि तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू या तरुणाला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हे संगीत जगभर गेले. हवाईयन वादकांचे फिरते ताफे हिंदुस्थानातही आले. ताऊ मो या वादकाचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि ते शहर या वाद्याचे भारतातील घरच बनले. पुढे व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांनी चित्रपटगीतांच्या धुना गावोगावी पोहोचवल्या. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी याच गिटारीवर रागसंगीत उभे केले. संतूर आणि बासरी यांच्यासह त्यांनी १९६७ साली केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात तरफेच्या तारा घालून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या वाद्याला आतड्याची तात नसते, सगळ्या तारा धातूच्या असतात. त्यामुळे अहिंसेचा विचार करणाऱ्या घरातही ते संकोचाशिवाय येऊ शकले.

असेच एक वाद्य मानोऱ्यातील एका घरी आले. मानोरा हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे गाव अकोल्याच्या नकाशात होते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या हंगामावर येथील उलाढाल चालते. मोठ्या खरेदीसाठी लोक कारंजा, दिग्रस नाहीतर वाशीम गाठतात. या घरातील थोरले बंधू शिक्षणासाठी अमरावतीला होते, तेथे त्यांना या गिटारीचा नाद लागला. १९६८ साली परतताना त्यांनी सोबत आणली ती ही गिटार. दुकान आवरायचे, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे आणि मग ओसरीवर गिटार काढायची, असा क्रम कितीतरी वर्षे चालला.

त्या क्रमात एक वाटणी होती. वाजवायचे थोरल्यांनी, सूर मात्र धाकट्यांनी लावायचा. धाकट्यांनी वाद्य कधी शिकून घेतले नाही, पण त्यांचा कान पक्का होता. गल्ल्यावर पडलेले नाणे खोटे की खरे हे ते आवाजावरून सांगत, असे घरात कौतुकाने बोलले जाई. ते ओसरीच्या पायरीवर बसत, गिटारीचे डोके आपल्या गुडघ्यावर घेत, सहाही खुंट्या फिरवून तारा जुळवत आणि मग, “घ्या, दादा,” म्हणून वाद्य थोरल्यांच्या हाती देत.

पुढे मुले मोठी झाली आणि दुकानाची वाटणी झाली. कोर्टकचेरी झाली नाही, पंचांसमोर आवाजही चढले नाहीत. किराणा थोरल्यांकडे राहिला, कापड धाकट्यांकडे गेले, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पाट्या लागल्या. भांडी, कपाटे, तराजू, वजने, बैठकीची गादी या सगळ्यांची यादी झाली होती. त्या यादीत गिटार नव्हती. ती थोरल्यांच्या वाट्याच्या खोलीत होती, तेथेच राहिली. पहिले काही दिवस थोरल्यांनी स्वतः तारा जुळवून पाहिल्या; मग गिटार खोळीत गेली आणि खोळ माळ्यावर. दोन्ही घरांचे बोलणे हळूहळू लग्नकार्यापुरते आणि पर्युषणानंतरच्या क्षमापनेपुरते उरले. याला वीस वर्षे झाली.

गेल्या वर्षी माळा आवरताना थोरल्यांच्या चौदा वर्षांच्या नातीला ती खोळ सापडली. तिला ती शिकायची होती. तिच्या वडिलांनी एक खुंटी फिरवून पाहिली, ती हलेना. त्यांनी पक्कड लावली, तर खुंटीच्या टोकाची प्लास्टिकची फिरकी तडकली. “हे भंगार झालं. नागपूरहून नवा संच मागवू, नाहीतर नवी गिटारच घेऊ,” असे ठरू लागले. तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे आबा एवढेच म्हणाले, “आधी उघडून बघा. न उघडता भंगार म्हणू नये.”

उघडून पाहण्याजोगे त्यात काय असते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तंबोऱ्याची खुंटी लाकडाची असते आणि लाकडाच्याच छिद्रात केवळ घर्षणाने घट्ट बसते. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या खुंट्या याच जातीच्या. ती खुंटी निसटू लागली तर तिला खडू लावतात. तेल लावले तर ती तार धरूच शकणार नाही. गिटारीची खुंटी मात्र यंत्र आहे. तिच्या फिरकीच्या दांडीवर मळसूत्राचे आटे असतात; कारागीर त्याला ‘वर्म’ म्हणतात. हे आटे एका छोट्या दातेरी चाकात अडकतात आणि त्या चाकाला जोडलेल्या रुळावर तार गुंडाळलेली असते. फिरकीच्या साधारण १२ ते १८ फेऱ्या झाल्या, की रूळ एकदा फिरतो. म्हणूनच बोटांच्या थोड्या बळाने जबर ताणाची तार केसाएवढी चढवता येते. या रचनेचा दुसरा गुण त्याहून मोठा आहे. फिरकी रुळाला फिरवू शकते. रूळ फिरकीला फिरवू शकत नाही. तारेने कितीही ओढले तरी आटे चाकाला मागे सरकू देत नाहीत. म्हणून या खुंटीला तेल दिले तर सूर उतरेल, ही भीती निराधार आहे. लाकडी खुंटीला जे तेल मारक ठरते, तेच या खुंटीला तारक ठरते.

नव्या संचाचा हिशेबही आबांनी करायला लावला. जुन्या गिटारींवर तीन-तीन खुंट्या एका धातूच्या पट्टीवर बसवलेल्या असतात, डोक्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या. आज बाजारात अशा पट्ट्या बहुधा ३५ मिलिमीटर अंतराच्या मिळतात, म्हणजे एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर. नातीने पट्टीने मोजले, तर या गिटारीवरचे अंतर त्याहून जास्त भरले. नवा संच बसवायचा तर जुनी छिद्रे बुजवून लाकडात नवी पाडावी लागणार. काहीशे रुपयांच्या वस्तूसाठी पन्नास वर्षांपूर्वीचे लाकूड कोरणे हा सौदा आतबट्ट्याचा होता, हे व्यापाऱ्याच्या घरात दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

मग काम सुरू झाले. हात नातीचे होते, सूचना आबांच्या. पहिली सूचना ताराविषयी. सहा तारांचा मिळून ताण साधारण ६० ते ८० किलो असतो, म्हणजे भरल्या पोत्याएवढा. ताणलेली तार कापू नये. ती उसळून डोळ्याला लागू शकते. ज्या खुंट्या थोड्याफार फिरत होत्या, त्या आळीपाळीने एकेक फेरी सैल केल्या. ज्या अडल्या होत्या, त्यांच्या चाकांवर तेलाचा एकेक थेंब सोडून एक रात्र थांबल्यावर त्याही कशाबशा सुटल्या. तारा निघाल्यावर दोन्ही पट्ट्यांचे स्क्रू काढले आणि कागदावर डोक्याचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. जुन्या लाकडात प्रत्येक स्क्रूने आपली वाट केलेली असते. दुसरा स्क्रू तेथे नीट बसत नाही.

पट्ट्या टेबलावर आल्या, तेव्हा घट्टपणाचे कारण दिसले. दातांमध्ये काळपट, राळेसारखा थर होता. तो कधीकाळचा वंगणाचा लेप. वंगण वर्षानुवर्षे न हलता राहिले, की त्यातला पातळ भाग उडून जातो, उरलेल्यावर धूळ बसते आणि जे फिरवण्यासाठी घातले तेच अडवू लागते. नातीने खिडकी उघडली, देवघरातला दिवा शांत झाल्याची खात्री केली आणि वाटीत थोडे टर्पेंटाइन घेतले. रॉकेलही चालते, थिनर मात्र वापरू नये, कारण तो जुन्या प्लास्टिकच्या फिरक्या विरघळवतो. दात घासायच्या जुन्या ब्रशाने प्रत्येक दात, प्रत्येक आटा साफ झाला. पट्ट्या फडक्याने कोरड्या केल्या आणि तासभर वाऱ्यावर ठेवल्या. त्यानंतर शिलाई यंत्राचे तेल. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब आट्यांवर, तेवढाच रुळाच्या बुडाशी. जास्तीचे पुसून घेतले, कारण उरलेले तेल लाकडात मुरते आणि नवी धूळ बोलावते. गंज सोडवणारा फवारा अनेकांच्या घरी असतो. तो गंजासाठी ठीक, पण लवकर उडून जातो, म्हणून त्याला वंगण समजू नये.

एवढ्याने तीन खुंट्या बोटाच्या स्पर्शाने फिरू लागल्या. उरलेल्या तिघींची दुखणी वेगवेगळी निघाली, आणि या कामातले खरे शहाणपण येथेच आहे. चौथीचे चाक ज्या छोट्या स्क्रूने धरलेले असते, तो कोणीतरी फार आवळला होता. पाव फेरी सैल करताच ती मोकळी झाली. पाचवी टेबलावर छान फिरे आणि डोक्यात बसवली की अडे. म्हणजे दोष खुंटीत नव्हता, लाकडात होता. पावसाळी हवेने लाकूड फुगते. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत ज्यांनी नंगारा ऐकला आहे, त्यांना हवेचा वाद्यांवरचा अंमल नवा नाही. दमट हवेत कातडे सैल पडते, लाकूड मात्र आवळते. येथे पट्टीचे सगळे स्क्रू आधी अर्धेच बसवले, रूळ छिद्रात मधोमध येईपर्यंत पट्टी किंचित सरकवली, आणि मग एका टोकाचा, दुसऱ्या टोकाचा, पुन्हा मधला अशा क्रमाने थोडे थोडे आवळले. छिद्र कोरावे लागले नाही.

सहावी खुंटी पक्कड लागलेली. तिची फिरकी तडकली होती, पण आतली दांडी सरळ होती. भेगेत डिंकासारखा दोन घटकांचा चिकट लेप भरून तिला दोऱ्याने बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती फिरू लागली, तरी तार चढवताना अडून मध्येच ‘टक्’ असा आवाज करी आणि सूर एकदम उडी मारी. हा दोष खुंटीचा नव्हताच. तार डोक्याकडून गळ्याकडे ज्या उंच पट्टीवरून येते, तिच्या खाचेत ती रुतत होती. ताण साठला की झटक्याने सुटत होती. खाचेत मऊ शिसपेन्सिल फिरवली, शिशाची भुकटी तेथे राहिली आणि तार गुळगुळीत सरकू लागली. बाहेरून पाहिले तर सहाही खुंट्या सारख्याच घट्ट होत्या. कारणे मात्र चार निघाली: वाळलेले वंगण, आवळलेला स्क्रू, सरकलेली पट्टी आणि भलत्याच जागी रुतलेली तार. पक्कड हा यातल्या एकाचाही इलाज नव्हता.

नव्या तारा चढल्या. आबांनी नातीच्या फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत एकेक तार जुळवली. काटा मध्यावर येई, हिरवा होई आणि दोन मिनिटांत पुन्हा ढळे. नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत थोड्या उतरतातच, पण तिसऱ्या दिवशीही तेच. आबांची बोटेही आता खुंट्यांसारखीच झाली होती; सकाळी तर मूठच मिटत नसे. “हे काम माझं नव्हतंच कधी,” असे म्हणून त्यांनी वाद्य खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना नात रस्ता ओलांडून कापडाच्या दुकानात गेली. गल्ल्यावर धाकटे आजोबा होते.

“लहान आबा, तार सुरात राहत नाही.”

त्यांनी कोणती तार, कुठली गिटार, हे विचारले नाही. कापडाचा ठाण गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारले, “खालून वर आणतेस, की वरून खाली?”

“काटा पुढे गेला की मागे फिरवते.”

“मग नाही राहायची,” ते म्हणाले.

त्याचे कारण यंत्रात आहे. दातेरी चाक आणि आटे यांच्यात केसाएवढी मोकळीक नेहमी असते. जुन्या, झिजलेल्या खुंटीत ती अधिक. तार उतरवत सुरावर थांबलो, तर ती मोकळीक तशीच राहते आणि तारेचा ओढा थोड्याच वेळात ती खाऊन टाकतो. सूर तेवढाच खाली येतो. म्हणून तार सुराच्या वर गेली, तर तिला मुद्दाम सुराच्याही खाली उतरवावे आणि मग सावकाश चढवत सुरावर आणून थांबावे. आटे तेव्हा दातांना टेकलेले असतात, ओढायला मोकळी जागा उरत नाही. धाकट्या आजोबांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. कितीतरी वर्षांच्या संध्याकाळी त्यांच्या बोटांनी ते शोधून काढले होते, आणि ते थोरल्यांना कधी सांगायची वेळच आली नव्हती.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ते आले. घरात कोणी काही विशेष केले नाही. सूनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती आत गेली. ते पायरीवर बसले आणि गिटारीचे डोके त्यांनी गुडघ्यावर घेतले. पहिली खुंटी फिरवताच क्षणभर थांबून म्हणाले, “हलकी झाली की. कोणी साफ केली?” आबांनी नातीकडे बोट दाखवले. मग बराच वेळ नुसते तारांचे आवाज येत राहिले, एक खाली उतरणारा, एक वर चढणारा. फोन बाजूला उपडा पडला होता. शेवटी सहाही तारांवरून एकदा अंगठा फिरला, सगळ्या मिळून एकच स्वरमेळ वाजला, आणि धाकटे आजोबा म्हणाले, “घ्या, दादा.”

आबांच्या बोटांना जुनी धून पूर्ण जमली नाही. कांडी दोनदा घसरली. नातीने ती धून फोनवर ध्वनिमुद्रित केली आहे आणि चुकांसकट तीच ती आता शिकते आहे. दुकानांच्या पाट्या अजून दोनच आहेत आणि वाटणीच्या कागदातही काही बदलले नाही.

एक नियम मात्र त्या घरात नव्याने लागू झाला आहे. गिटारीच्या खुंट्यांना तेलाचा थेंब वर्षातून एकदा पुरतो. पण त्या वरचेवर फिरत्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर चांगले वंगणही वाळून राळ होते. हे काम ज्याच्या कानाला सूर कळतो त्यानेच करावे, असे आबांनी ठरवून टाकले. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण झाले की, धाकटे आजोबा रस्ता ओलांडून येतात. गेल्या महिन्यात त्यांना यायला उशीर झाला, तेव्हा आबांनी गिटार खोळीतून काढून ओसरीवर ठेवली आणि खुंट्यांना हात न लावता वाट पाहत बसले.